वातशीत व्ही-ट्विन इंजिनावरील तेलशीतक

तेलशीतक किंवा ऑइल कूलर हा इंजिनातील वंगण तेलाची उष्णता बाहेरच्या हवेला देणारा उष्णता विनिमयक आहे. पाण्याऐवजी केवळ हवेच्या झोतावर थंड होणाऱ्या, म्हणजेच वातशीत, इंजिनांमध्ये वंगण तेलाला घर्षण कमी करण्याबरोबरच उष्णता वाहून नेण्याचे दुसरे काम करावे लागते. दोन सिलिंडर इंग्रजी 'व्ही' अक्षराप्रमाणे एकमेकांशी कोन करून बसवलेल्या व्ही-ट्विन इंजिनात हे दुसरे काम अधिक महत्त्वाचे ठरते, कारण त्यातील मागच्या सिलिंडरला पुरेशी हवा मिळत नाही. काही वाहनांमध्ये तेलशीतक कारखान्यातूनच बसवलेला असतो. जुन्या किंवा साध्या वाहनांवर तो नंतर बसवला जातो. योग्य जागी आणि योग्य तेलमार्गात बसवलेला शीतक इंजिनाचे आयुष्य वाढवतो. चुकीच्या मार्गात बसवल्यास तोच शीतक इंजिन तेलाविना पकडले जाण्यास, किंवा मागच्या चाकावर तेल सांडून अपघात होण्यास कारणीभूत ठरू शकतो. कोकणासारख्या घाटरस्त्यांच्या, खाऱ्या हवेच्या आणि मुसळधार पावसाच्या प्रदेशात या जोडणीचे काही वेगळे प्रश्न उद्भवतात. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

व्ही-ट्विन रचना आणि उष्णता

इंधनाच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशापेक्षा कमी भाग चाकांपर्यंत पोहोचतो. मोठा वाटा निकास वायूंबरोबर बाहेर जातो आणि उरलेली उष्णता सिलिंडर, सिलिंडरचे डोके आणि वंगण तेल यांमध्ये शिरते. वातशीत इंजिनात ही उष्णता सिलिंडरभोवतीच्या धातूच्या पात्यांमधून, म्हणजे कारागिरांच्या भाषेत फिनमधून, हवेत जाते. पाती किती उष्णता टाकू शकतात हे मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते: पाती व हवा यांच्या तापमानातील फरक आणि पात्यांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात वाहन उभे असतानाही पंखा रेडिएटरवर हवा ओढतो. मोटारसायकलच्या वातशीत इंजिनाला सहसा तशी सोय नसते. वाहन थांबले की थंड होण्याची क्रियाही जवळजवळ थांबते.

व्ही-ट्विन इंजिन वाहनात दोन प्रकारे बसवता येते. हार्ले-डेव्हिडसनच्या परंपरागत ४५ अंशांच्या इंजिनात दोन्ही सिलिंडर एकामागे एक असतात. पुढचा सिलिंडर मागच्याची हवा अडवतो आणि त्याला स्पर्श करून तापलेली हवाच मागे जाते. त्यामुळे मागचा सिलिंडर नेहमी अधिक तापतो आणि उभ्या वाहनावर चालकाच्या उजव्या मांडीला त्याची झळ स्पष्ट जाणवते. इटलीच्या मोटो गुझी कंपनीने १९६० च्या दशकापासून वापरलेल्या रचनेत ९० अंशांचे इंजिन आडवे बसवलेले असते. दोन्ही सिलिंडर वाहनाच्या डाव्या-उजव्या बाजूंना बाहेर डोकावतात आणि दोघांनाही सारखी हवा मिळते. मॉर्गन या ब्रिटिश कंपनीच्या तीनचाकी मोटारीत व्ही-ट्विन इंजिन मोटारीच्या नाकावर, पूर्णपणे उघड्यावर बसते. १९०९-१० पासूनची ही कल्पना कंपनीने २०११ मध्ये सुमारे दोन लिटरच्या वातशीत इंजिनासह पुन्हा बाजारात आणली. अशा उघड्या रचनेतही तेल तापतेच, कारण तेलाची उष्णता केवळ सिलिंडरच्या भिंतींतून येत नाही. दट्ट्याची खालची बाजू, धारवे, कॅम आणि दातेरी चाके या सर्वांची उष्णता तेलच गोळा करते.

वंगण तेल आणि तापमान

तेलाच्या दृष्टीने तापमान कमी असणे म्हणजे चांगले, ही समजूत चुकीची आहे. बहुतेक वातशीत इंजिनांमध्ये तेल ९० ते ११० अंश सेल्सिअस या पट्ट्यात असणे इष्ट मानले जाते. ज्वलनाच्या वेळी पाण्याची वाफ तयार होते आणि त्यातील थोडी दट्ट्याच्या कड्यांना चुकवून खाली तेलात उतरते. तेल पुरेसे तापले नाही तर हे पाणी व न जळलेले इंधन तेलातच साचून राहते आणि तेलाला दुधी रंग येतो. याउलट तेल फार तापले तर ते पातळ होते. एसएई वर्गीकरणातील ५० श्रेणीच्या तेलाची श्यानता १०० अंशांना १६.३ ते २१.९ सेंटीस्टोक्स असावी लागते. याच श्रेणीतील २०डब्ल्यू-५० तेल ४० अंशांना त्याच्या आठ-नऊ पट घट्ट असते आणि १३० अंशांना त्याची श्यानता १०० अंशांच्या जवळपास निम्मी होते. पातळ तेलाचा थर धारव्यांमध्ये टिकत नाही आणि धातूवर धातू घासू लागते.

दुसरा परिणाम रासायनिक आहे. तेलाच्या ऑक्सिडीकरणाचा वेग तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. या हिशेबाने सतत १३० अंशांवर चालणारे तेल ११० अंशांवरील तेलाच्या चौपट वेगाने खराब होते. खनिज तेलात त्यातून चिकट गाळ आणि लाखेसारखा थर तयार होतो. संश्लेषित तेले अधिक तापमान सोसतात. म्हणून कित्येक वाहनांच्या बाबतीत शीतक बसवण्याऐवजी चांगले संश्लेषित तेल वेळेवर बदलणे हाच स्वस्त आणि पुरेसा उपाय असतो.

पूर्वपीठिका

पहिल्या काळातील व्ही-ट्विन मोटारसायकलींमध्ये तेल फिरून परत येत नसे. थोडे थोडे तेल इंजिनात सोडले जाई आणि ते जळून किंवा गळून संपे. या 'संपूर्ण व्यय' पद्धतीत शीतकाचा प्रश्नच नव्हता. हार्ले-डेव्हिडसनच्या १९३६ च्या 'नकलहेड' इंजिनात तेल टाकीतून इंजिनात आणि इंजिनातून पुन्हा टाकीत फिरू लागले. तेच तेल पुन्हापुन्हा वापरले जाऊ लागल्यावर त्याच्या तापमानाला महत्त्व आले. मोटारींच्या क्षेत्रात फोक्सवॅगनच्या वातशीत 'बीटल'मध्ये पंख्याच्या आवरणातच तेलशीतक बसवलेला असे. सुझुकीने १९८५ च्या जीएसएक्स-आर ७५० मध्ये तेलाचे फवारे थेट ज्वलनकक्षाच्या माथ्यावर सोडून तेलालाच मुख्य शीतन माध्यम केले. हार्ले-डेव्हिडसनच्या २०१६ मधील 'मिलवॉकी-एट' इंजिनाच्या काही आवृत्त्यांत निकास झडपांभोवती तेल फिरवण्याची व्यवस्था आहे.

भारतात वातशीत व्ही-ट्विन वाहन सर्वसामान्यांच्या ओळखीचे झाले ते दिल्लीतील फटफटींमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या लष्करी मोटारसायकलींना मागे प्रवासी डबा जोडून त्या भाड्याने चालवल्या जात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रदूषणाच्या कारणाने त्या बंद झाल्या. महाराष्ट्रात 'फटफटी' हा शब्द कोणत्याही मोटारसायकलीला लावला जात असला तरी व्ही-ट्विन इंजिने येथील रस्त्यांवर विरळाच होती. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील कायनेटिक कंपनीने दक्षिण कोरियातील ह्योसंग कंपनीची 'अक्विला' ही मोटारसायकल भारतात आणली. तिचे २४९ घन सेंटिमीटरचे, ७५ अंशांचे व्ही-ट्विन इंजिन हवा आणि तेल या दोहोंनी थंड होणारे होते. २०१२ नंतर हीच गाडी पुण्याच्या डीएसके समूहाने इंधन अंतःक्षेपणासह पुन्हा विकली; तिची जुळणी सातारा जिल्ह्यात होत असे. मोठ्या इंजिनांपैकी हार्ले-डेव्हिडसनच्या स्पोर्टस्टर मालिकेतील ८८३ घन सेंटिमीटरची वातशीत गाडी आणि इटलीची डुकाटी स्क्रँब्लर या गाड्या २०१० च्या दशकात महाराष्ट्रात विकल्या गेल्या.

तेलशीतक सामान्य दुचाकीस्वाराला परिचित झाला तो मात्र एक सिलिंडरच्या गाड्यांमुळे. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये पल्सर मालिकेतील २०० आणि २२० घन सेंटिमीटरच्या गाड्यांना तो दिला. रॉयल एनफील्डच्या २०१६ मधील हिमालयन आणि २०१८ मधील इंटरसेप्टर या गाड्यांवरही तो आला. या गाड्यांचे सुटे भाग सहज मिळत असल्याने भारतात इतर वाहनांवर शीतक बसवू इच्छिणारे कारागीर बहुधा त्यांच्याच शीतकापासून सुरुवात करतात.

रत्नागिरी जिल्ह्यातील परिस्थिती

रत्नागिरीचे हवामान इंजिनाला फार कठीण असावे, असा सहज ग्रह होतो. प्रत्यक्षात समुद्रसान्निध्यामुळे येथील उन्हाळी तापमान सोलापूर किंवा विदर्भाइतके चढत नाही. कमाल तापमान बहुतेक दिवस ३१ ते ३४ अंशांच्या आसपास राहते. तेलाचे तापमान ११० अंश धरल्यास ३३ अंशांच्या हवेशी त्याचा फरक ७७ अंश असतो, तर ४३ अंशांच्या हवेशी ६७ अंश. म्हणजे तोच शीतक सोलापुरात सुमारे १३ टक्के कमी उष्णता टाकेल.

दमट हवेविषयीचा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. माणसाला दमट हवेत अधिक उकडते, कारण घाम सुकत नाही. शीतकाच्या पात्यांना घाम येत नाही. त्यांची उष्णता वाहत्या हवेच्या स्पर्शाने जाते आणि हवेतील बाष्पाचा त्यावर नगण्य परिणाम होतो. कोकणातील दमटपणा इंजिनाला तापवत नाही, तो गंज आणतो.

खरा प्रश्न घाटांचा आहे. सह्याद्री ओलांडून देशावर जाण्यासाठी रत्नागिरीहून कोल्हापूरकडे आंबा घाट, चिपळूणहून कराडकडे कुंभार्ली घाट आणि राजापूरहून कोल्हापूरकडे अणुस्कुरा घाट चढावा लागतो. मुंबई-गोवा महामार्गावर उत्तरेकडे परशुराम घाट आणि कशेडी घाट आहेत. मोकळ्या रस्त्यावर घाट चढणाऱ्या गाडीला हवाही मिळत असते, त्यामुळे चढण ही एकटी फारशी धोकादायक नसते. अवघड स्थिती येते ती भरलेल्या मालट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अडकल्यावर. इंजिनाचे फेरे जास्त, घर्षण जास्त आणि वाहनाचा वेग ताशी १५-२० किलोमीटर, असा तो प्रसंग असतो. त्यात दुपारी समुद्राकडून वारा सुटलेला असला तर पूर्वेकडे चढणाऱ्या वाहनाला तो पाठीमागून लागतो. वाऱ्याचा वेग वाहनाच्या वेगाइतकाच असेल तर पात्यांना जाणवणारा वारा जवळजवळ शून्य होतो. घाट उतरताना उलट घडते: थ्रॉटल बंद असते, उष्णता फारशी निर्माण होत नाही, हवा मात्र भरपूर लागते आणि तेल झपाट्याने थंड होते.

पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. रत्नागिरीत जून ते सप्टेंबर या काळात ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शीतकावर पडलेले पाणी बाष्पीभवनाने त्याला कोरड्या हवेपेक्षा कितीतरी अधिक थंड करते. थर्मोस्टॅट नसलेल्या शीतकाच्या गाडीत पावसाळ्यातील लहान अंतरांच्या फेऱ्यांत तेल इष्ट तापमानाला पोहोचतच नाही. तेल भरण्याच्या झाकणाखाली साचणारा पांढरट लोण्यासारखा थर हे त्याचे पहिले लक्षण होय. उन्हाळ्यात घाटासाठी बसवलेला शीतक पावसाळ्यात इंजिनाला अपाय करू शकतो, तो असा.

गरज ओळखणे

शीतक बसवण्याआधी तेलाचे तापमान मोजणे आवश्यक आहे. तेलपट्टीच्या जागी बसणारा तापमापक यासाठी पुरतो. सुकी टाकी असलेल्या गाड्यांत तो टाकीच्या झाकणातच असतो. घाट चढून वर पोहोचल्यावर आणि शहरी वाहतुकीत अर्धा तास घालवल्यानंतर, अशा दोन्ही वेळी नोंद घ्यावी लागते. तापमान ११० अंशांखाली राहत असेल तर शीतकाची गरज नाही. ते वारंवार १२०-१२५ अंशांपुढे जात असेल तर प्रथम कारण शोधले जाते. हवा-इंधनाचे मिश्रण विरळ असणे, अंतर्ग्रहण नळीच्या सांध्यातून हवा शिरणे, प्रज्वलनाची वेळ मागे सरकलेली असणे, तेलाची पातळी कमी असणे, चुकीच्या श्रेणीचे तेल वापरणे, ब्रेक घासत राहणे ही नेहमीची कारणे आहेत. कोकणात त्यांत जांभ्या दगडाच्या लाल मातीची भर पडते. ही माती पावसात पात्यांमध्ये चिखल होऊन बसते, उन्हात कडक होते आणि पात्यांना अक्षरशः पांघरूण घालते.

शीतक तेल थंड करतो. सिलिंडरचे डोके तो थेट थंड करत नाही. मागच्या सिलिंडरमध्ये चढावर टकटक असा आवाज येत असेल, तर तो अकाली स्फोटक ज्वलनाचा असतो. त्यावर शीतक हा इलाज नव्हे. मिश्रण, प्रज्वलन आणि पेट्रोल यांकडे पाहावे लागते.

तेलमार्गातील स्थान

शीतक कोणत्या तेलवाहिनीत जोडायचा हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे आणि बहुतेक गंभीर चुका येथेच होतात. व्ही-ट्विन इंजिनांमध्ये वंगणाच्या दोन पद्धती आढळतात. ओल्या तळाच्या पद्धतीत तेल इंजिनाच्या तळाशीच साठते आणि एकच पंप ते उचलून दाबाने धारव्यांकडे पाठवतो. सुक्या तळाच्या पद्धतीत तेल वेगळ्या टाकीत असते. पुरवठ्याचा पंप टाकीतून तेल घेऊन इंजिनाला देतो आणि परतीचा पंप इंजिनाच्या तळातील तेल उपसून टाकीत नेतो. हार्ले-डेव्हिडसनची परंपरागत इंजिने सुक्या तळाची आहेत.

सुक्या तळाच्या इंजिनात तीन मार्ग असतात. पहिला, टाकीतून पुरवठ्याच्या पंपाकडे येणारा. येथे तेल बहुतांशी स्वतःच्या वजनाने वाहते आणि शीतकासारखा अडथळा मध्ये आला तर थंड, घट्ट तेल पंपापर्यंत पोहोचत नाही. या मार्गात शीतक कधीही बसवत नाहीत. दुसरा, पंपापासून इंजिनाकडे जाणारा दाबाचा मार्ग. येथे शीतक चालतो, पण त्याला इंजिनाचा पूर्ण तेलदाब सोसावा लागतो. थंड इंजिन सुरू करताना हा दाब बराच वाढतो आणि नळी निसटली तर धारव्यांना तेल मिळणे तत्क्षणी बंद होते. तिसरा, इंजिनाकडून टाकीकडे येणारा परतीचा मार्ग. येथे दाब कमी असतो, तेल सर्वांत गरम असते आणि शीतकाचा अडथळा धारव्यांच्या पुरवठ्यावर थेट परिणाम करत नाही. म्हणून शक्य तेथे परतीचा मार्गच निवडला जातो. मात्र तेथील गळतीही निरुपद्रवी नसते, कारण परतीचा पंप टाकी रिकामी होईपर्यंत तेल रस्त्यावर ओतत राहतो.

ओल्या तळाच्या इंजिनात वेगळी परतवाहिनी नसते. तेथे तेलगाळणी आणि इंजिन यांच्या मध्ये बसणारी चकती वापरतात. कारागीर तिला सँडविच प्लेट म्हणतात. ती तेलाला शीतकाकडे वळवून परत गाळणीकडे आणते. ही चकती बसवताना जुन्या गाळणीचे रबरी कडे इंजिनाला चिकटून राहिलेले नाही ना हे पाहावे लागते. एकावर एक दोन कडी बसली तर दाब येताच ती फाटतात.

शीतकाचा प्रकार आणि आकार

शीतक मुख्यतः दोन प्रकारचे असतात. नळी-पाती प्रकारात एका नागमोडी नळीवर पातळ पाती बसवलेली असतात; तो स्वस्त, दणकट आणि तेलाला कमी अडथळा करणारा असतो. रचित पट्ट्यांच्या प्रकारात अॅल्युमिनियमच्या चपट्या पोकळ पट्ट्या एकावर एक रचून मध्ये पाती जोडलेली असतात. त्याच आकारात तो अधिक उष्णता टाकतो, परंतु त्याची बारीक पाती मातीने लवकर भरतात.

आकार ठरवण्यासाठी साधे गणित पुरते. मिनिटाला ४ लिटर तेल शीतकातून जात असेल तर सुमारे ०.८५ घनतेने ते ३.४ किलोग्रॅम भरते. तेलाची विशिष्ट उष्णता किलोग्रॅमला दर अंशाला साधारण २.१ किलोज्यूल असते. शीतकातून जाताना तेल १५ अंशांनी थंड झाले तर मिनिटाला सुमारे १०७ किलोज्यूल, म्हणजे १.८ किलोवॅट उष्णता बाहेर पडते. घरातील पाणी तापवण्याचा मोठा हीटर जवळपास तेवढीच उष्णता देतो. मध्यम आकाराच्या व्ही-ट्विनसाठी तेवढे शीतन बहुधा पुरेसे असते. मोठा शीतक म्हणजे चांगला शीतक, असे नाही. त्याने वजन, अडथळा आणि अतिशीतन या तिन्ही गोष्टी वाढतात.

थर्मोस्टॅट

कोकणातील वापरासाठी थर्मोस्टॅट ऐच्छिक मानता येत नाही. तेल साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापेपर्यंत तो तेलाला शीतक टाळून आखूड वाटेने परत पाठवतो आणि नंतर शीतकाची वाट उघडतो. चांगल्या थर्मोस्टॅटमध्ये बंद अवस्थेतही थोडे तेल शीतकातून झिरपत राहते; त्यामुळे शीतकात हवा अडकत नाही आणि वाट उघडताच थंडगार तेलाचा लोंढा गरम इंजिनात शिरत नाही. थर्मोस्टॅट नसलेल्या गाड्यांवर काहीजण पावसाळ्यात शीतकावर पत्र्याचे किंवा कातड्याचे झाकण बांधतात. उपाय जुना आणि चालणारा आहे. मात्र ऑक्टोबरचे ऊन सुरू झाल्यावर ते काढायचे लक्षात ठेवावे लागते.

जोडणी

शीतकाची नेहमीची जागा सांगाड्याच्या पुढच्या उभ्या दांड्यांवर, पुढच्या चाकाच्या मागे असते. तेथे भरपूर हवा मिळते. परंतु शीतक रुंद असेल तर तो पुढच्या सिलिंडरची हवा अडवतो आणि एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतो. म्हणून तो शक्यतो सिलिंडरच्या पात्यांच्या पातळीखाली, दांड्यांच्या मध्ये उभा बसवतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि पुढचे सस्पेन्शन पूर्ण दाबून मडगार्ड शीतकाला लागत नाही ना हे तपासले जाते. व्ही-ट्विनचे कंपन मोठे असल्याने शीतक सांगाड्याला थेट न कसता रबरी गादीवर बसवतात. अन्यथा काही महिन्यांत त्याच्या टोकांजवळचे सांधे तडकतात. नळ्यांची तोंडे वर किंवा बाजूला ठेवतात. ती खाली असल्यास वरच्या भागात हवा कोंडते आणि तेवढा शीतक निरुपयोगी होतो.

नळ्या तेल आणि उष्णता सोसणाऱ्या असाव्या लागतात. पेट्रोलची किंवा पाण्याची साधी रबरी नळी काही आठवड्यांत फुगून मऊ पडते. आतील व्यास मूळ तेलवाहिनीपेक्षा कमी नसावा; अनेक गाड्यांत तो ३/८ इंच, म्हणजे सुमारे ९.५ मिलिमीटर असतो. नळी निकास नळीपासून दूर, साखळी किंवा पट्ट्याला न लागणारी आणि तीव्र वळण नसलेली असावी. सांगाड्याला घासणाऱ्या जागी तिच्यावर जाड वेष्टण घालतात. अॅल्युमिनियमच्या आट्यांमध्ये बँजो बोल्ट हाताच्या अंदाजाने न कसता टॉर्क पान्याने कसावा आणि तांब्याचा वॉशर प्रत्येक वेळी नवा घालावा, असा संकेत आहे.

जोडणीनंतर इंजिन सुरू करण्याची घाई करत नाहीत. स्पार्क प्लग काढून इंजिन काही वेळा फिरवले जाते, म्हणजे भार नसताना पंप शीतकात तेल भरतो. नंतर प्लग बसवून इंजिन मंद गतीवर चालवतात आणि प्रत्येक सांधा कोरड्या कापडाने पुसून पाहतात. शीतक व नळ्यांत मावणाऱ्या तेलाइतकी पातळी खाली उतरते. ती गरम इंजिनावर पुन्हा भरावी लागते. सुक्या तळाच्या काही इंजिनांत गाडी बरेच दिवस उभी राहिल्यास टाकीतील तेल झिरपून तळात उतरते. अशा थंड गाडीची पातळी कमी दिसते म्हणून तेल ओतल्यास ते जास्त होते आणि श्वासनळीतून बाहेर फेकले जाते. त्याचा दोष मग नव्या शीतकाला दिला जातो.

शहरी वाहतुकीसाठी शीतकाच्या मागे लहान विद्युत पंखा बसवता येतो. उभ्या वाहनात शीतकाचा उपयोग जवळजवळ संपतो, ही उणीव त्याने भरून निघते. जुन्या गाड्यांचा डायनॅमो तेवढा भार सोसेल का हे मात्र आधी पाहावे लागते.

धोके

सर्वांत मोठा धोका गळतीचा आहे. शीतक पुढे आणि मागचे चाक त्याच्या थेट वाटेवर असल्याने फुटलेल्या नळीतील तेल वाऱ्याने मागच्या टायरवर जाते. आंबा किंवा कुंभार्ली घाटाच्या वळणावर, विशेषतः ओल्या रस्त्यावर, गाडी घसरण्यास तेवढे पुरेसे असते. म्हणून नवीन जोडणीनंतरची पहिली लांब फेरी घाटात न करता सपाट रस्त्यावर करून सांधे पुन्हा तपासण्याची पद्धत आहे. तेलदाबाचा दिवा पेटल्यास इंजिन तत्काळ बंद करावे लागते. 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' हा विचार इंजिनाला महागात पडतो.

दुसरा धोका दिसत नाही. एकदा धारवा फुटलेल्या इंजिनातील धातूचे कण शीतकाच्या बारीक वाटांमध्ये अडकून बसतात. इंजिन दुरुस्त करून तोच शीतक पुन्हा लावला तर ते कण सुटून नव्या धारव्यांत जातात. पट्ट्यांचा शीतक धुऊन पूर्ण स्वच्छ झाल्याची खात्री करता येत नाही, त्यामुळे अशा वेळी तो टाकून देणेच श्रेयस्कर मानले जाते. भंगारातून घेतलेल्या शीतकाबाबतही हीच शंका बाळगावी लागते.

देखभाल

किनारपट्टीवरील शीतकाचा मुख्य शत्रू मीठ आहे. गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, पूर्णगड अशा किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीच्या पात्यांवर खाऱ्या हवेचा थर बसतो. अॅल्युमिनियमच्या शीतकाला पितळी किंवा पोलादी जोड असेल तर खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंमध्ये विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होते आणि अॅल्युमिनियम झिजते. पांढरी भुकटी हे त्याचे चिन्ह. जोडही अॅल्युमिनियमचे वापरणे आणि आट्यांना योग्य लेप लावणे हा त्यावरील उपाय आहे. पाती गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने मागून पुढे धुतात. दाबाच्या फवाऱ्याने ती वाकतात. शीतकाला काळा रंग द्यायचा असल्यास थर अतिशय पातळ ठेवतात, कारण जाड रंग उष्णतेला अडवतो.

नळ्या दरवर्षी पावसाळ्याआधी तपासून त्यांवर चिरा किंवा फुगवटा दिसल्यास बदलल्या जातात. तेल बदलताना शीतकातील जुने तेल सहसा पूर्ण निघत नाही. त्यामुळे नवे तेल भरताना पुस्तिकेतील आकड्यावर विसंबून न राहता तेलपट्टी पाहिली जाते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. इंजिनाचा प्रकार, क्रमांक किंवा घनक्षमता यांत तेलशीतकाने फरक पडत नाही. तथापि हमीकाळातील वाहनावर बाहेरून जोडणी केल्यास उत्पादक इंजिनाची हमी नाकारू शकतो.